सिल्व्हिया म्हणजे रानातली

गंगाबाई म्हणून हाक मारली तर माझी बायको मागं वळायची नाही. कानानं धड होती. दोन रानं पलीकडं कुणी आमच्या बांधावरची बोर झोडपत असलं तरी तिला इथं बसून ऐकू यायचं. पण सासरचं नाव घेऊन तिच्या पाठीशी उभं राहून ओरडा, बाई ढिम्म. हातातलं काम चालू. ओरडून घसा बसला की तुम्हीच तिच्या पुढ्यात जायचं. मग मान वर करून म्हणायची, "मला म्हणताय व्हय? माझं नाव सिल्व्हिया."

येरमाळ्यापासून जरा आत, रानातल्या वस्तीवर, धनगराच्या घरात सिल्व्हिया. लोक हसायचे. आधी तिला हसायचे, मग मला. तिला हसलेलं तिच्या अंगाला लागत नव्हतं, त्यामुळं सगळं माझ्याच वाट्याला यायचं.

ती गेल्याला अजून वर्ष झालं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचं ते सही करण्यापुरतं. पण गेल्या वैशाखात माझ्या पोराला, दत्ताला, मुलगी झाली आणि तिच्या नावावरून घरात भांडण लागलं. मला नातीचं नाव सिल्व्हिया पाहिजे होतं. ज्या नावानं मला जन्मभर वैताग दिला तेच मी मागायला लागलो म्हटल्यावर दत्ताला वाटलं, आण्णाचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. माणूस गेलं, निदान नाव तरी घरात हिंडू-फिरू दे, एवढंच माझं म्हणणं. त्या भांडणाचं काय झालं ते सांगायचंच आहे. पण ती कशी होती हे कळल्याशिवाय ते कळायचं नाही, आणि ती कशी होती ते सांगायचं तर आधी नाव कुठून आलं ते सांगावं लागतं. ती असती तर तिनंही आधी तेच सांगितलं असतं. कुणालाही. पाणी प्यायला थांबलेल्या वाटसरूलासुद्धा.

माझा सासरा मेंढरं घेऊन रानोरान हिंडणारा. वाशीच्या पुढं कुठंतरी एका पडीक रानात त्यांचा तळ पडला होता. सासूचे दिवस भरलेले. तिथंच बाभळीच्या आडोशाला ही जन्मली. पोर झालं, पण सासूचं रक्त थांबेना. त्या रानाच्या मालकानं बैलगाडी जुंपली आणि मिशनच्या दवाखान्यात पोचवलं. तिथं पांढऱ्या झग्यातली एक गोरी बाई होती, सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणायचे. तिनं सासूला वाचवलं. सासू हिंडाफिरायला लागल्यावर सिस्टरनं विचारलं, पोरीचं नाव काय? सासरा म्हणाला, अजून ठेवलं नाही, तुम्ही वाचवलं, तुम्हीच ठेवा. धनगर माणूस, द्यायचं म्हटलं की हात आखडत नाही. नाव ठेवायचा मानही देऊन मोकळा झाला. त्याला काय, निस्तरायचं मला होतं.

इथून पुढची गोष्ट तिच्याच तोंडची. मला पाठ आहे.

"मोठ्या सिस्टरनं इचारलं, पोर कुठं झाली? बाप म्हणला, रानात. मग सिस्टर म्हणल्या, रानातली ती सिल्व्हिया. त्यांच्या देवळात एक जुनी भाषा हाय, लॅटिन म्हणत्यात. त्या भाषेत सिल्वा म्हंजे रान. बाप म्हणला, आधी कुणाचं हुतं का हे नाव? तर म्हणल्या, व्हय, लई जुन्या काळी एका राजाच्या पोरीचं हुतं. तिला जुळी पोरं झाली. तिच्या चुलत्याला ती पोरं नको हुती. त्यानं ती नदीत सोडली. पोरं काठाला लागली, आन् एका लांडगीनं त्यास्नी दूध पाजलं."

इथं ती थांबायची. कारण इथं तिचा बाप उठून उभा राहिला होता. ज्याचा जन्म लांडग्यावर दगड मारण्यात गेला त्याला लांडगीचं कौतुक सांगायचं म्हणजे काय?

"लांडगी? कोकरं उचलती ती? बाई, तुमचे लई उपकार हायत, पण असलं नाव नगं माझ्या लेकीला."

सासूनं लुगड्याचा पदर ओढून नवऱ्याला खाली बसवायचा प्रयत्न केला. सिस्टरला हसू आवरेना. तिनं राहिलेली गोष्ट सांगितली, की ती पोरं पुढं एका धनगराला सापडली, त्यानं घरी नेली, त्याच्या बायकोनं वाढवली, आणि मोठी झाल्यावर त्या पोरांनी रोम नावाचं शहर वसवलं.

"धनगराला?" बाप खाली बसला. "धनगर हाय व्हय त्यात? मग ते आधी सांगायचं न्हाय का! ठेवा. हेच ठेवा."

ही गोष्ट दर वेळेला थोडी वाढायची. लग्न होऊन आली तेव्हा लांडगी नुसतं दूध पाजायची. आमची सुगी जन्मली तोवर ती पोरांना चाटायला लागली होती. दत्ताच्या वेळेला तर धनगराची बायको त्या लांडगीला रोज भाकरी टाकत होती.

"आगं, भाकरी कुठनं आली?" मी म्हणायचो. "रोममधी काय ज्वारी पिकती?"

"तुमी गेलता व्हय बघायला?"

"तू गेलतीस का?"

"माझं नाव हाय त्यात. तुमचं काय हाय?"

ज्या भाषेत आता कुणी मीठ मागत नाही, भांडत नाही, लेकराला झोपवत नाही, त्या भाषेतलं एक नाव आमच्या चुलीपुढं येऊन बसलं होतं आणि मलाच विचारत होतं, तुझं काय आहे इथं.

आमच्यात सासरी आलेल्या पोरीचं नाव बदलायची रीत. माझ्या आईनं गंगा नाव ठरवलं, तिच्या सासूचं होतं म्हणून. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी साखर वाटून सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी साखर खाल्ली, चांगलं नाव आहे म्हणाले. दुपारी आईनं हाक मारली, "गंगे, पाणी आण." कुणी आलं नाही. "ये गंगे!" नवी नवरी भिंतीला टेकून खुशाल बसलेली. आई तिच्या डोक्यावर जाऊन उभी राहिली.

"बहिरी हायस का?"

"न्हाय, आत्याबाई. कुणाला हाक मारताय?"

"तुला! गंगा कोण हाय दुसरी?"

"त्या हुत्या, तुमच्या सासूबाई. त्या वारल्या की. माझं नाव सिल्व्हिया."

माझ्या आईच्या तोंडाला शेजारची चार गावं भ्यायची. बाजारात भाव करायला लागली तर माळणी टोपली उचलून पलीकडं जाऊन बसायच्या. तिनं सुनेला जेवायला वाढलं नाही, तरी ही वळेना. मारायला काठी उचलली, तरी वळेना. मला म्हणाली, "तुझी बायको हाय, तू सांग." मी सांगितलं. तर ही मला म्हणाली, "तुमास्नी कुणी तुक्या म्हणलं तर ओ देचाल का? माझ्या बापानं त्या नावासाठी लांडगी सोसली." आता बोला.

शेवटी आईच हरली. तिला सिल्व्हिया म्हणता येईना, आणि गंगा म्हणून उपयोग होईना. मग ती नुसतं "रानातली" म्हणायला लागली. "ती रानातली कुठं गेली? तिला म्हणावं, भाकरी कर." आणि ह्या हाकेला ही टुणकन उठून यायची! म्हणायची, "आत्याबाईंनी अर्थ बरोबर धरला." सासवासुनांचं पुढं इतकं जमलं की माझ्या विरुद्ध दोघी एक व्हायच्या. कागदावर मात्र ती शेवटपर्यंत गंगाबाईच राहिली. कागदाला ती कधी ओ देत नव्हती, म्हणून तिचं काही अडलं नाही.

गावात लोक विचारायचे, "बाटली का रं तुझी बायको?" तिला कळलं की ती स्वतः त्या माणसाच्या दारात जायची. "अणदूरला खंडोबाची तळी उचलते म्या वर्षाच्या वर्षाला. येता का बघायला? भंडारा उधळीन तुमच्या डोस्क्यावर." ते कुठले येतात. घरी येऊन मी म्हणायचो, आगं, साधं नाव घेतलं असतंस तर ही कटकट नसती. म्हणायची, "साधं म्हंजे कसलं? कुठनं आलं ते सांगा आधी."

कुठनं आलं ते सांगा आधी. हे तिचं पालुपद. नाव कशाचंही असो, त्याच्यामागं काय घडलं ते सांगता आलं पाहिजे, नाहीतर ते नावच नाही. आमच्या मेंढ्यांना तिनं अशीच नावं दिली. एक बांधावर जन्मलेली, ती बांधी. एकीला जन्मताच कावळा टोचून गेला, ती कावळी. आमची थोरली लेक ऐन सुगीत झाली, खळ्यावर ज्वारीची रास पडलेली, म्हणून ती सुगी. दत्ता दत्तजयंतीला जन्मला, त्यामुळं तो वाचला, नाहीतर त्याचं काय नाव ठेवलं असतं देव जाणे.

हे घरात ठीक होतं. पण ती दुसऱ्यांच्या बारशाला जाऊन हेच करायची. पाळणा सजलेला, बाया नटूनथटून बसलेल्या, आणि ही मधेच, "पोर कुठं झालं? काय घडलं तवा?" आमच्या शेजारच्या पांडातात्याची नात एस्टीत जन्मली होती, कळंबच्या रस्त्यावर. घरच्यांनी छान अंकिता नाव ठरवलेलं. हिनं सगळ्यांदेखत विचारलं, "अंकिता कुठनं आलं?" पांडातात्याची सून म्हणाली, "टीव्हीतनं." ही म्हणाली, "पोरगी तर एस्टीतनं आली की." तात्या माझ्याशी वर्षभर बोलला नाही. ती पोरगी आता शिकून तलाठी झाली आहे. चष्मा लावते, गाडीवरून जाते. तरी वाटेत दिसली की ही बांधावरून हाक मारायची, "एष्टे, चहा घेऊन जा!" आणि मजा म्हणजे ती तलाठीण थांबायची. चहाही प्यायची. माझा जीव वरखाली व्हायचा, की आता सरकारी कामात अडथळा म्हणून काहीतरी होतंय.

आता येरमाळ्याच्या यात्रेचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही.

आमच्या पिढीत नवऱ्यानं बायकोचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. मी आगं म्हणायचो, फार तर सुगीची आई. येडाईच्या चैत्रातल्या यात्रेला आम्ही दोघं गेलो होतो. चुन्याच्या रानात देवीच्या नावानं खडे वेचायला ही गर्दी. मी खाली वाकलो, चार खडे उचलले, वर बघतो तर बाई नाही. इकडं बघ, तिकडं बघ. ऊन असं की डोक्यावर तवा ठेवल्यासारखं. शेवटी हरवलेल्या माणसांचा पुकारा करतात त्या मांडवात गेलो.

माईकवाला म्हणाला, "काका, बाईचं नाव?"

"सुगीची आई."

"काका, नाव सांगा. हितं लेकरांच्या आयाच हायत सगळ्या."

मी कागदावरचं नाव सांगितलं. गंगाबाई. त्यानं पुकारा केला, की गंगाबाई जिथं असतील तिथून मांडवाकडं यावं, त्यांचे मालक वाट बघत आहेत. थोड्या वेळानं एक गंगाबाई आली. बार्शीची होती. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "हे न्हवं." मग दुसरी आली. तिसरी तर म्हातारी होती, तिनं मला बघितलंसुद्धा नाही, सावली आहे म्हणून मांडवात फतकल मारून बसली आणि पाणी मागितलं. माईकवाला हसायला लागला. "काका, ह्यातली एखादी चालती का बघा."

मी त्याच्या कानाशी जाऊन खरं नाव सांगितलं. तो म्हणाला, "हे मला न्हाय जमायचं. तुमीच म्हणा," आणि माईक माझ्या तोंडापुढं धरला. लग्न झाल्यापासून जे नाव मी बंद दाराआडसुद्धा घेतलं नव्हतं, ते सगळ्या यात्रेला ऐकू जाईल असं घ्यायची पाळी आली. कान तापले. म्हटलं, "सिल्व्हिया." ते कर्ण्यातून रानभर घुमलं. जवळचे लोक वळून बघायला लागले, की ही कुठली देवी.

आणि बाई हजर. लांबून नाही, कर्णा बांधलेल्या खांबाच्या बुडातून. हातात कलिंगडाची फोड.

"कवापासनं हितंच हाय म्या," म्हणाली.

"मग आली का न्हाईस? तासभर पुकारा चाललाय!"

"कुण्या गंगाबाईला बोलवत हुते. म्हणलं, बिचारीला कुणी न्यायना झालंय."

तिनं उरलेली फोड मला दिली. परत येताना एस्टीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगत होती, "आमच्या ह्यांनी माईकवर नाव घेतलं." त्या बाईनं विचारलं, काय नाव? झालं. मोठ्या सिस्टरपासून सुरुवात. लांडगी नदीवर पोचली तोवर आमचा थांबा आला. तर कंडक्टर म्हणतो, "मावशी, पुढं काय झालं ते सांगून उतरा." आणि खरंच गाडी थांबवून धनगर येईपर्यंत तिनं सांगितलं. मी खाली धुळीत उभा.

गेल्या दिवाळीच्या आधी तिला दम लागायला लागला. धाराशिवला दाखवलं, तिथं भरती करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, गोळ्या घ्या, ओझं उचलू नका. तिनं गोळ्या घेतल्या आणि ओझं उचललं. त्या दवाखान्यात तिच्या खाटेशी बसलो होतो, तेव्हा दत्ताचा फोन आला, की सूनबाईला, पल्लवीला, दिवस गेले आहेत. दत्ताचं लग्न उशिरा झालेलं, त्यामुळं आम्ही वाट बघूनच होतो. मला वाटलं, चांगली बातमी आहे, हिला जरा बरं वाटेल असं काहीतरी बोलावं.

म्हटलं, "पोरगी झाली तर तुझंच नाव ठिवू."

उठून बसली. नाकात नळी. "खबरदार!"

"आगं, मान म्हणून म्हणतोय."

"कसला मान? माझा जन्म रानातला म्हणून मी सिल्व्हिया. तिचा कुठं हुतोय ते बघा आधी. तिच्या अंगावर माझी गोष्ट कशाला घालताय? उतरलेलं लुगडं हाय का ते?"

"बरं, बरं. पड आता."

"बरं न्हवं. शबुद द्या."

मी शब्द दिला नाही. नर्स आली म्हणून सुटलो.

दिवाळी झाली. एका सकाळी मी मेंढरं सोडून परत आलो तर ती भिंतीला टेकून बसलेली. पुढ्यात सुपात शेंगा. आदल्या दिवशी आमचं गोळ्यांवरून वाजलं होतं, त्यामुळं मला वाटलं रुसली आहे. म्हटलं, "आगं." बोलली नाही. म्हटलं, "चहा केलास का?" मग तिचं नाव घेतलं. दोनदा घेतलं. तेव्हा कळलं.

त्यावर जास्त सांगत नाही.

वैशाखात नात झाली. मी दत्ताला सांगितलं, पोरीचं नाव सिल्व्हिया ठेवायचं. तो म्हणाला, "आण्णा, शाळेत पोरं चिडवतील. आईला किती त्रास झाला त्या नावाचा."

"तिला कुठं झाला? त्रास मला झाला."

"मग परत कशाला?"

कशाला, हे पोराला काय सांगायचं? घरात तिचं लुगडं आहे, वहाणा आहेत, सूप आहे. पण ती नावानं होती. लोक वस्तूनं असतात, कामानं असतात, ही नावानं होती. तेच नाव घरात कुणी घेणार नसेल तर मग राहिलं काय? हे मला दत्तापुढं बोलता येईना, म्हणून मी ओरडलो. पल्लवी धाराशिवला नोकरी करते, शिकलेली आहे, कमी बोलते. ती म्हणाली, "मामा, मी कियारा बघितलंय." मी म्हटलं, "हे काय, साबण हाय का?" ती बाळाला घेऊन आत गेली. मला वाटलं, आजकालच्या पोरींसारखं फोनमधून काहीतरी उचललं असेल. मी पुढं विचारलं नाही.

हिनं दवाखान्यात मला नको म्हणून बजावलं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, जन्मभर तिच्या मनासारखं झालं, एकदा माझ्या मनासारखं होऊ दे. तिला काय कळणार आहे? आमच्यात नाव ठेवायचा हक्क आत्याचा. ती बाळाच्या कानात जे सांगेल ते नाव. म्हणून मी वाशीला सुगीकडं गेलो, तिच्या सासरी. तिला म्हटलं, "कानात आईचं नाव सांग. एकदा कानात गेलं की गेलं. मग दत्ता काय करतोय?" सुगी माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "बघू, आण्णा."

बारशाला घर बायांनी भरलं. पाळणा माझ्या खोलीत टांगला होता, मी दारात उभा. पाळण्याखालून वरवंटा देऊन-घेऊन झाला. सुगी बाळाच्या कानाशी वाकली. बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले, आणि ती सरळ उभी राहिली.

"पल्लवी, आधी सांग. पोर झाली तवा काय घडलं?"

मी कपाळावर हात मारला. आई गेली आणि लेक सुरू झाली.

पल्लवी म्हणाली, "दुपारीच वारं सुटलं, वन्सं. आभाळ इतकं आलं की दवाखान्यात दिवे लावले. आन् ऐन वेळेला लाईट गेली. काही दिसंना. नर्सबाईंनी तोंडात मोबाईलची बॅटरी धरली. पोरगी बाहेर आली, पण रडंना. मी अंधारात नुसती इचारत हुते, काय झालं, काय झालं? मग ती रडली, आन् तेवढ्यात लाईट आली. नर्सबाई म्हणाल्या, ही उजेड घेऊन आली."

"मग?" सुगी म्हणाली.

"मग काय. कियारा म्हंजे उजळ."

एक म्हातारी म्हणाली, "मग सरळ ज्योती ठेवा की. ह्ये काय इंग्रजी?"

"इंग्रजी न्हाय," पल्लवी म्हणाली. "आत्याबाईंनी मला बजावलं हुतं, माझं नाव ठिवू नकोस, तिचं तिला बघ. म्हणून मी आत्याबाईंच्या नावाच्या भाषेतलं दुसरं हुडकलं. हे बी लॅटिनच हाय, तिकडनंच आलंय." मग माझ्याकडं न बघता हळू म्हणाली, "त्या म्हणल्या हुत्या, मामा हट्ट धरतील. त्यांचं ऐकायचं न्हाय."

बाया फिदीफिदी हसल्या. सुगी म्हणाली, "आण्णा, मला बी तेच म्हणली हुती. फोन करून."

म्हणजे बघा. मला वाटत होतं, ती गोष्ट माझ्या एकट्यापाशी आहे, मी ती गिळून टाकली की संपली. आणि ह्या बाईनं सुनेला सांगून ठेवलं, लेकीला सांगून ठेवलं. पांडातात्याच्या तलाठणीलाही सांगितलं असेल. माझ्यावर एवढा विश्वास.

सुगी पाळण्यापाशी उभीच होती. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "आण्णा, ती काय म्हणली ते म्या सांगितलं. पण आता ती न्हाय. तुमी हायसा. तुमी म्हणाल तेच कानात सांगते. बोला."

दत्ता ओसरीवरून आत आला. पल्लवी खाली बघत होती. मी नाव घेतलं असतं तर झालं असतं. जिभेवर होतं. पाळण्यात बघितलं. पोरगी जागी होती. लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेल्या. तिच्यात रान कुठंच नव्हतं. दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड होतं ते, नवंकोरं. तिला सिल्व्हिया म्हटलं असतं तर मी रोज तिच्याकडं बघून दुसरीलाच हाक मारत बसलो असतो.

"माझ्याकडं काय बघताय?" मी म्हटलं. "लाईट गेली हुती ना? मग सांग कियारा. बाळ ताटकळलंय."

सुगी वाकली. बायांनी तिच्या पाठीत असे धपाटे घातले की ती ओरडली. पेढे वाटले. माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, ते मी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

बाया पांगल्यावर पल्लवीनं पोरगी आणून माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "मामा, आता तिला सांगा."

"काय सांगू?"

"तिचं नाव कुठनं आलं ते. मला घरातली कामं हायत."

पोरीला घेऊन बसलो. बारा दिवसांचं लेकरू, त्याला काय सांगायचं? पण ती बघत होती. मी घसा खाकरला आणि म्हटलं, "तू झालीस तवा लाईट गेली हुती..."

"आधी वारं सुटलं, मामा," आतून पल्लवी म्हणाली. "मग आभाळ आलं. लाईट नंतर गेली."

"आन् नर्सबाईची बॅटरी इसरू नका," सुगी म्हणाली.

"मी सांगतोय ना!"

"सांगा, पण बरोबर सांगा."

ह्या घरात मला एक गोष्ट कधी धड सांगू दिली नाही. मी पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आधी वारं.